नववी ब

जुलैत ती आली. दाखला कोइमतूरचा,
नाव कावेरी निकम.
वडिलांचं गलाईचं दुकान तिकडं,
घरच्या वाटणीचं काहीतरी निघालं म्हणून
वर्षभर विट्यात.
बोलायची आपलीच मराठी, पार घाटमाथ्याची,
पण देवनागरी आईनं शिकवलेली
पावतीबुकाच्या पाठीवर,
आणि हात तमिळ शाळेत वळलेला.
क ला पोट, म ची गाठ वाटोळी,
शिरोरेघ नाहीच.
ताटात साबुदाणा सांडावा तशी अक्षरं.

मी लाल पेनानं डोक्यांवर रेघा ओढत राहिले.

गणपतीच्या सुट्टीनंतर
आसमा मुल्लाची शिरोरेघ गेली.
मग मागच्या बाकावर तेजलची.
सहामाहीला खिडकीकडची सगळी रांग
बिनछपराची.

पालकसभेत तेजलची आई उठली,
मागाच्या खडखडाटात मोठ्यानं बोलायची सवय:
"बाई, पोरगी उठता-बसता अय्यो म्हणती.
भाकरी सरकवती, ताकभात मागती.
त्या मोबाईलनंच नासवली."
कुणी म्हणालं, वयच वंगाळ.
एकानं चाचणीचे गुण विचारले.
मी म्हटलं, बघते.

बघत तर होतेच.
ओमराज डावा पाय जरा ओढून चालतो;
त्याचा चुलतभाऊ खानापूर रस्त्यावर गाडीवरून पडला
तेव्हापासून तसा चालतो,
आणि गावातल्या मुली त्याच्याकडेच बघतात.
भरतीच्या अकॅडमीतली पोरं पहाटे पळतात,
तर आमच्या वर्गातले चार जण
न पळताच छाती काढून बसतात.
यातलं काय पुसायचं,
आणि कुठल्या खोडरबरानं?

मी नववीत होते तेव्हा
रंजना ऐवळे र ची शेपटी
ओळीच्या खाली सोडायची,
वासरानं उडी मारताना उडवावी तशी.
दिवाळीची अख्खी सुट्टी मी
जुन्या कॅलेंडरच्या मागं र काढले.
आई म्हणाली, काय करतीस गं?
म्हटलं, अभ्यास.
दहावीत संक्रांतीनंतर तिची जागा मोकळी.
आटपाडीकडं दिली, एवढंच कळलं.
मी डी.एड. केलं. नोकरी लागली.
सुरेखा जगताप,
मधल्या र ला शेपटी.
तीस वर्षं "बरोबर" लिहिते,
त्यात र दोनदा येतो.

जानेवारीत कावेरी परत गेली.
निरोपाला तिनं फळ्यावर
सगळ्यांची नावं तमिळमध्ये लिहिली,
माझंही. दोन दिवस कुणी पुसू देईना.
मग रेघा हळूहळू परत आल्या.
तेजलची आई बाजारात भेटली, म्हणाली,
आता खाती भाकरी.
आसमाच्या वहीत मात्र
व वरची रेघ अजून तुटकी आहे.
मी ती जोडत नाही.

मार्चमध्ये प्रज्योत सुतारचा अर्ज आला.
शेवटच्या बाकावरचा.
त्याला मी वर्षभरात
हजेरीशिवाय हाक मारल्याचं आठवत नाही.
"माझ्या मुलास ताप असल्यामुळे
बुधवार ते शुक्रवार"
आणि खाली, आपली विश्वासू,
शारदा सुतार.

शारदामधला र,
सुतारमधला र,
दोन्हींची शेपटी ओळीखाली.

मी अर्ज उजेडाकडं धरला.
तो बाकावर नखानं काहीतरी कोरत होता,
मान खाली.
बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली
आणि मुलं दाराकडं पळाली,
ओमराज पाय विसरून सगळ्यांच्या पुढं.

"ताप उतरला का?" मी विचारलं.
"हो बाई."
"आईला सांग,"
म्हटलं, आणि पुढं काय सांगायचं ते सुचेना.

सही खोटी होती, ते कळलं.
कोणाची खोटी,
ते आटपाडीत कुणाला तरी विचारायला हवं.